केळ्यावरचं चिलट आणि त्याच्या पोटातली फणी

गेल्या अंकात मी चिलटाच्या अंड्यावर अर्धं पान लिहिलं होतं, की एक अंडं तयार व्हायला सोळा बहिणी-पेशी लागतात, त्यातली एकच अंडं होते आणि उरलेल्या पंधरा, म्हणजे नर्स पेशी, तिला सगळं देऊन संपतात. मला वाटलं होतं कोणी वाचणार नाही. पण पत्रं आणि मेल येतच राहिले, आणि गंमत म्हणजे फिरून फिरून प्रश्न एकच, एवढ्याशा पोटात कुठल्या पेशीत कुठला जीन चालू आहे हे कळतं तरी कसं? म्हणून यावेळचा अख्खा कॉलम चिलटाला.

ताई, आमच्या पुस्तकात आहे की सगळ्या पेशींमध्ये डीएनए तोच असतो. मग सोळा बहिणींतली एक अंडं आणि बाकीच्या नर्स हे कसं काय? आणि बाहेरच्या आवरणातल्या पेशी परत वेगळ्या.
– बारावी सायन्सची विद्यार्थिनी, बारामती

डीएनए तोच गं, पण प्रत्येक पेशी त्यातली वेगवेगळी पानं उघडून बसलेली असते. चिलटाचा, म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरचा जीनोम (म्हणजे अख्खा डीएनए) २००० साली जाहीर झाला, त्यात प्रोटीन बनवणारे जीन निघाले साधारण १४ हजार. हे सगळे एकदम कुठलीच पेशी चालू ठेवत नाही. जीन चालू आहे म्हणजे त्याची आरएनएची कॉपी निघतेय, आणि कुठल्या कॉप्या निघतायत त्यावरून ती पेशी काय होणार ते दिसतं.

आता जागा बघ. आधी दोन दिवस माद्यांना यीस्टची ओली पेस्ट खायला घालायची, अंडाशय टरारून फुगतात. मग कार्बन डायऑक्साइड देऊन झोपवायचं, मायक्रोस्कोपखाली एका चिमट्याने छाती धरायची आणि दुसऱ्याने पोटाचं शेवटचं टोक हलक्या हाताने ओढायचं, आणि बाहेर काय येतं, चक्क केळ्याची फणी! तयार अंडी एका बाजूला गच्च चिकटलेली, आणि दुसरीकडे निमुळती होत गेलेली टोकं. केळ्यावर बसणाऱ्या जिवाच्या पोटात केळ्याची फणी, मला अजून हसू येतं.

अशा दोन फण्या, आणि एकेक सुईने सोडवली की साधारण सोळा बारीक नळ्या सुट्या होतात, त्यांना ओव्हरिओल म्हणतात. नळीच्या टोकाशी दोन-तीन स्टेम सेल, म्हणजे सतत नव्या पेशी देणाऱ्या मूळ पेशी. त्यांच्यातून निघालेली पेशी चारदा दुभंगते, २, ४, ८, १६, पण पूर्ण तुटत नाही, मधे भोकं राहतात आणि सोळाही जणी त्या भोकांतून एकमेकींना जोडलेल्या राहतात. यात फक्त दोघींनाच चार-चार शेजारणी मिळतात, आणि त्या दोघींपैकीच एक पुढे अंडं होते. बाकी नर्स. या सोळा जणींभोवती फॉलिकल पेशींचं वेष्टण, त्यांचं घराणंच वेगळं, त्यांच्या स्टेम सेल वेगळ्या. त्या वाढत वाढत साडेसहाशेच्या पुढे जातात आणि मग त्यांच्यातही वाटण्या होतात, दोन्ही टोकांना दोन-दोन पोलर पेशी, नर्स पेशींवर चपट्या पसरलेल्या पन्नासेक, अंड्यावर उंच उभ्या राहिलेल्या कितीतरी, आणि सहा ते आठ बॉर्डर पेशी ज्या आवरण सोडून, नर्स पेशींच्या मधून घुसत, पाच-सहा तास चालत अंड्यापर्यंत जातात. जिथून शुक्रजंतू आत शिरतो ते छिद्र बनवायला त्या लागतात, त्या पोचल्या नाहीत तर अंडं फुकट.

आणि एकच पेशी आयुष्यभर तेच जीन चालू ठेवते असंही नाही हं. या प्रवासाचे १४ टप्पे पाडलेत. अंड्यावरची तीच फॉलिकल पेशी आठव्या-नवव्या टप्प्याला आतल्या पातळ पडद्याचे जीन वाचत असते, अकराव्या-बाराव्याला बाहेरच्या कवचाचे, आणि शेवटी कवचाचेच पण दुसरे. त्यामुळे ‘कुठल्या पेशीत’ विचारलं की लगेच ‘केव्हा’ पण विचारायचं.

फळमाशीवर एवढं संशोधन चालतं म्हणता, तर आमच्या हापूसला त्याचा काही फायदा? दरवर्षी सापळे लावून कंटाळलो.
– आंबा बागायतदार, रत्नागिरी

दादा, ही ती फळमाशी नव्हे. नावाचा घोळ आहे. तुमच्या आंब्यात अळ्या करते ती बॅक्ट्रोसेरा, घरातल्या माशीएवढी, सालीला टोचून आत अंडी घालते, आणि मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात तिचे नर येतात. मी लिहितेय ते चिलट (लॅबमध्ये त्यालाही माशीच म्हणतात), दोन-अडीच मिलिमीटरचं, आधीच पिकून आंबलेल्या फळावर येतं, चांगल्या फळाचं काही बिघडवत नाही. त्याच्या जातभाईंत एक सुझुकी नावाचं आहे जे मात्र चांगल्या स्ट्रॉबेरी-चेरीला टोचतं, पण ते तुमच्या बागेतलं दुखणं नाही. तेव्हा सापळे काढू नका, लावत राहा. मी तरी फुकटची आशा दाखवणार नाही.

एवढं सगळं कशाला? अख्ख्या अंडाशयाचा आरएनए काढायचा, सीक्वेन्सिंगला, म्हणजे त्यातली अक्षरं वाचून घ्यायला, पाठवायचा, यादी हातात. चुकतंय का काही?
– एमएस्सी बायोटेक, नाशिक

यादी येईल की, हजारो जीनची येईल. पण ती कोणाची यादी? वाटण करताना खोबरं, कांदा, लसूण, गरम मसाला सगळं मिक्सरला फिरवलंत आणि मग चाखून सांगा म्हटलं लवंगा किती होत्या, तर कोण सांगेल. तेच होतं इथे.

त्यात नर्स पेशी प्रचंड असतात. त्या दुभंगायचं थांबवतात पण डीएनए दुप्पट दुप्पट करत राहतात, शेकडो प्रती होतात, काहींत तर हजाराच्या घरात, आणि एवढ्या प्रतींवरून आरएनए अक्षरशः ओतला जातो. तुमच्या ट्यूबमधलं बहुतेक सगळं त्यांचं. बॉर्डर पेशी एका अंड्यामागे सहा-आठ, त्याही फक्त नवव्या-दहाव्या टप्प्याला. त्यांचा एखादा खास जीन शंभर पटीने वाढला तरी त्या गर्दीत कळणार नाही.

उलटंही होतं. कवचाचे जीन यादीत एकदम वर दिसतील आणि वाटेल वा, केवढे महत्त्वाचे. पण तिथे वेगळीच भानगड आहे. कवच करायला वेळ अगदी थोडा असतो, म्हणून फॉलिकल पेशी त्या जीनच्या डीएनएच्याच जास्तीच्या प्रती काढून ठेवतात, तिसऱ्या क्रोमोसोमवरचा गट तर साठ-ऐंशी पट होतो. स्प्रॅडलिंग आणि माहोवाल्ड यांनी हे १९८० साली दाखवलं, आणि मला तर अख्ख्या विषयातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते, कारण ‘सगळ्या पेशींत डीएनए तोच’ या वाक्याला इथे भोक पडतं. (बारामतीकर, तुझ्यासाठी. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिही.)

मग उपाय काय, तर हव्या त्या पेशी आधी वेगळ्या काढायच्या. २००६ साली दोन टीम्सनी बॉर्डर पेशींसाठी हेच केलं. त्या पेशींच्या अंगावर एक परकं प्रोटीन बसवलं, अंडाशय एन्झाइमने सुटे केले, त्या प्रोटीनला चिकटणारे चुंबकीय मणी टाकले आणि ट्यूबला चुंबक लावला. मण्यांबरोबर बॉर्डर पेशी भिंतीला, बाकीचा गाळ ओतून द्यायचा. एकेका प्रयोगाला माश्या किती लागतात विचारू नका, चिमटा धरून बोटं आखडतात.

गेल्या लेखातल्या फोटोत माशीच्या अंड्यात हिरवं चमकत होतं. अहो, एवढ्याशा जिवात दिवा लावतात कसा? रंग देतात का?
– निवृत्त शिक्षिका, ठाणे

बाई, रंग नाही, खरंच दिवा आहे, आणि त्याचं वायरिंग मला फार आवडतं म्हणून जरा लांबण लावते.

आधी रंगाचंच सांगते, कारण तीही पद्धत आहे. एखाद्या जीनच्या आरएनएला नेमका जुळणारा उलटा तुकडा बनवायचा, त्याला रंग किंवा चमक जोडायची, अंडाशय फॉर्माल्डिहाइडमध्ये पक्के करून त्यात भिजत ठेवायचे. जिथे तो आरएनए असेल तिथेच तुकडा चिकटतो, बाकी धुऊन जातो. याला इन सिटू म्हणतात. जर्मनीत ड्रेस्डेनला एका टीमने अशा हजारो जीनचे अंडाशयातले फोटो काढून सगळ्यांसाठी खुले ठेवलेत, कुठला जीन कुठे ते घरबसल्या बघता येतं. पण माशी मेलेली असते, तेव्हा हा फक्त त्या क्षणाचा फोटो.

दिव्याची गोष्ट अशी. प्रत्येक जीनच्या शेजारी डीएनएचा एक तुकडा असतो जो सांगतो की याला फक्त अमक्या पेशीत चालू कर. १९८७ मध्ये ओ’केन आणि गेहरिंग यांनी एक युक्ती काढली, एक खबऱ्या जीन माशीच्या डीएनएत कुठेही टाकून द्यायचा, तो ज्या तुकड्याच्या शेजारी जाऊन पडेल त्याचं ऐकायला लागतो. पडला बॉर्डर पेशीवाल्या तुकड्याशेजारी, तर बॉर्डर पेशीच रंगतात. मग १९९३ साली अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमन यांनी बटण आणि बल्ब वेगळे केले. बटण म्हणजे गॅल-४, हे यीस्टमधून उचललेलं प्रोटीन, आणि बल्बच्या आधी यूएएस नावाचा तुकडा, जो गॅल-४ आल्याशिवाय चालूच होत नाही. एका माशीत फक्त बटण, दुसरीत फक्त बल्ब, दोघांचं लग्न लावायचं, की पोरांमध्ये दिवा. पुढच्याच वर्षी जेलीफिशमधलं हिरवं प्रोटीन, जीएफपी, दुसऱ्या प्राण्यांत चालतं असं चाल्फी यांनी दाखवलं (त्यावर २००८चं नोबेल), आणि बल्ब खरोखरचा हिरवा झाला.

आता बघा, हे सगळं फॉलिकल पेशींत झकास चालायचं आणि अंड्यात आणि नर्स पेशींत बल्ब लागायचाच नाही. लोकांनी डोकं फोडून घेतलं. शेवटी पर्निल रोर्थ यांनी १९९८ साली यूएएसची वेगळी आवृत्ती बनवली, ती तिथेही पेटते. पहिली का पेटत नव्हती ते कळायला आणखी वीस वर्षं गेली, जंतुपेशींमध्ये (म्हणजे अंडं आणि नर्स पेशींत) उपद्रवी डीएनए दाबून टाकणारी एक यंत्रणा असते, ती जुन्या यूएएसमधला एक तुकडा ओळखून तो बल्बच दाबत होती.

मॅडम, पीएचडीचं दुसरं वर्ष. सिंगल-सेल डेटात माझा जीन नर्स पेशींच्या क्लस्टरमध्ये आहे आणि इन सिटू केलं तर तो अंड्यात दिसतो, तोही एका टोकाला. क्लस्टरला नाव चुकीचं दिलंय की इन सिटू बिघडलंय? अंड्याचा क्लस्टर तर मला मिळतच नाहीये.
– वाचक, पुणे

दोन्ही बरोबर असू शकतं, घाबरू नका. (बाकीच्यांसाठी: सिंगल-सेल म्हणजे एकेका पेशीचा आरएनए वेगळा वाचणं, आणि ज्यांचा आरएनए सारखा त्या पेशींचा गट म्हणजे क्लस्टर.) आणि या कॉलममध्ये मला खरं सांगायचं होतं ते तुमच्यामुळे सांगता येतंय.

जीन चालू कुठे आहे आणि त्याचा आरएनए सापडतो कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाकी शरीरात बहुतेक वेळा उत्तर एकच येतं म्हणून आपल्याला वेगळं विचारायची सवय नसते. या अंडाशयात ती चैन परवडत नाही, कारण अंड्याचं स्वतःचं न्यूक्लियस डीएनएचा घट्ट गोळा करून बहुतेक काळ जवळजवळ गप्प असतं. स्वयंपाक पंधरा नर्सकडे, आणि डबे त्या भोकांतून अंड्याकडे. बिकॉइड नावाच्या जीनचंच घ्या. जीन वाचला जातो नर्स पेशींत, आरएनए जाऊन बसतो अंड्याच्या पुढच्या टोकाला, आणि त्याचं प्रोटीन बनतं अंडं घातल्यावर. एकच जीन आणि ‘कुठे, केव्हा’ची तीन उत्तरं! ऑस्कर हा जीनही असाच, फक्त मागच्या टोकाला जातो आणि तिथे पोचेपर्यंत त्याचं प्रोटीन बनू दिलं जात नाही. तुमचा जीन कुठल्या टोकाला बसतो ते लिहिलं नाहीत, पण मी असते तर पहिल्यांदा इंट्रॉनवर बसणारा प्रोब, म्हणजे इन सिटूचा तो उलटा तुकडा, मागवला असता. इंट्रॉन म्हणजे आरएनएतला नंतर कापून टाकला जाणारा तुकडा, तो फक्त ताज्या, न कापलेल्या आरएनएत असतो, तो न्यूक्लियसमध्येच दिसतो, म्हणजे जिथे ठिपका तिथे जीन चालू. नर्सच्या न्यूक्लियसमध्ये ठिपके आणि अंड्याच्या न्यूक्लियसमध्ये काही नाही, असं आलं की तुमच्या प्रश्नाचा निकाल लागला.

अंड्याचा क्लस्टर का नाही? तुमची चाळणी आठवा. पेशी सुट्या केल्यावर बहुतेक जण ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळतात, आणि मशीनमध्ये प्रत्येक पेशी एका थेंबात बसावी लागते. तयार अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, ते कुठून जाणार! मोठ्या नर्स पेशीही वरच राहतात किंवा फुटतात, आणि फुटल्या की त्यांचा आरएनए सगळ्या मिश्रणात पसरतो, मग फॉलिकल पेशींच्या थेंबातही नर्सचे जीन थोडे थोडे दिसायला लागतात. २०२०च्या आसपास अंडाशयाचे जे सिंगल-सेल नकाशे आले त्यांत फॉलिकल पेशींचे बारीक बारीक प्रकारसुद्धा सुंदर सुटे झालेत, पण उशिराच्या जंतुपेशी विरळच. २०२२च्या फ्लाय सेल अॅटलसने अख्ख्या पेशीऐवजी न्यूक्लियस घेतले, ५ लाख ८० हजारांच्या आसपास, त्याने आकाराचा प्रश्न थोडा सुटतो पण अंड्यात साठलेला आरएनए न्यूक्लियसबाहेर असल्याने तोच हुकतो. म्हणजे काय मोजायचंय त्यावर पद्धत निवडा. अंड्यातला साठा हवा असेल तर अंडी हाताने वेचून एकेकट्याचं सीक्वेन्सिंग करा, कंटाळवाणं आहे पण शंका राहत नाही.

आणि हो, एन्झाइममध्ये अर्धा-पाऊण तास पेशी ठेवल्या की त्या ताणाखाली जातात, हीट शॉकवाले जीन वर येतात. तुमच्या एखाद्या ‘नवीन’ क्लस्टरमध्ये पहिली पाच नावं हीच दिसली तर पार्टी देऊ नका.

या जीनना बिकॉइड, ऑस्कर अशी नावं का असतात? मुलगा विचारतोय.
– पालक, बडोदा

जीन बिघडल्यावर काय दिसलं त्यावरून ठेवतात. गुर्केन म्हणजे जर्मनमध्ये काकडी, तो बिघडला की अंड्याच्या डोक्यावरच्या दोन शेंड्या येत नाहीत आणि अंडं काकडीसारखं गुळगुळीत. ‘बॅग ऑफ मार्बल्स’ बिघडला की नळीत नुसत्या गोल गोल बारीक पेशी भरतात, गोट्यांची पिशवीच. ‘स्लो बॉर्डर सेल्स’ तर मुलालाही कळेल.

ताई, माझा नॉकडाउन (जीन मुद्दाम दाबणं) कंट्रोलमध्येपण, म्हणजे जिथे जीन दाबला जायला नको तिथेही, दिसतोय. स्लो-बॉर्डर गॅल-४ आणि गॅल-८० टीएस वापरलंय, १८ अंशाला ठेवल्या होत्या. गाइड म्हणतात मी ट्यूब अदलाबदल केल्या. मी केल्या नाहीत.
– एमएस्सी प्रोजेक्ट, विदर्भ

तुझ्यावर विश्वास आहे. आधी हे सांग, मे महिना होता का?

गॅल-८० टीएस हे कुलूप आहे, १८ अंशाला गॅल-४ला अडवतं, २९-३० अंशाला स्वतःच ढेपाळतं आणि बटण चालू होतं. सगळा खेळ तापमानाचा. मी एका लॅबमध्ये होते तिथे रात्री लाइट जायची, जनरेटर फक्त फ्रीझरला जोडलेला, इनक्युबेटरला नाही, आणि सकाळी आकडा परत १८ दाखवायचा त्यामुळे कोणाला पत्ताच नाही. सहा महिने मीही ‘ट्यूब बदलणारी’ होते. शेवटी दहा रुपयांच्या डबीत थर्मामीटर ठेवला, कमाल-किमान नोंदवणारा, सकाळी कमाल ३४! तेव्हा आधी असा थर्मामीटर आत ठेव आणि चार दिवसांच्या नोंदी गाइडना दाखव, भांडू नको.

दुसरं म्हणजे ते गॅल-४ बॉर्डर पेशींपुरतंच आहे असं धरून चालू नकोस, ते अंड्याच्या तोंडाशी आत सरकणाऱ्या फॉलिकल पेशींतही पेटतं. स्वतः जीएफपीशी क्रॉस करून, सगळे टप्पे बघून, तुझ्या हातात ते कुठे कुठे पेटतं त्याचा फोटो काढून ठेव. माश्या पुरवणाऱ्या स्टॉक सेंटरच्या पानावर लिहिलेलं वाचून भागत नाही.

घरी बघता येईल का हे? आमच्याकडे केळ्यांवर भरपूर आहेत.
– वाचक, डोंबिवली

जीन नाही, पण अंडं नक्की. जास्त पिकलेल्या केळ्याची चकती काचेच्या ग्लासात ठेवा, वर चिमूटभर यीस्ट, आणि उघडाच ठेवा. चिलटं आली की कागदाचा कोन करून आत बसवा, म्हणजे आत जातात, बाहेर येत नाहीत. रात्रभर ठेवून सकाळी चिलटं सोडून द्या आणि चकती दहापट भिंगाखाली, तिरक्या उजेडात बघा. पांढरे, तांदळाच्या कणीपेक्षा लहान दाणे रुतलेले दिसतील, आणि नीट पाहिलं तर प्रत्येकाच्या एका टोकाला दोन शेंड्या वर आलेल्या, दाणा ओल्या गरात बुडला तरी त्यातून श्वास चालतो. त्या शेंड्या घडवणाऱ्या फॉलिकल पेशी अंडं अंडाशयातून सुटतानाच गळून गेल्या, तुम्ही बघताय ते फक्त त्यांनी मागे ठेवलेलं कवच. तुमच्याकडचं चिलट मेलॅनोगॅस्टर असेल किंवा आपल्याकडे सर्रास सापडणारं अननासी, शेंड्या दोघांनाही दोनच. बघायला उशीर मात्र करू नका, चोवीस तासांत अळी बाहेर येते आणि मग तुम्हाला नुसती रिकामी टरफलं मिळतील.